हौदातलं जुनं पाणी

आपल्या घरामागे पोहण्याचा तलाव असावा असं मला झोपेतसुद्धा कधी वाटलं नव्हतं. मुलाला वाटलं होतं. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, आणि दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत त्याच्या ऑफिसातल्या प्रत्येकाचं कुठे ना कुठे फार्महाऊस होतं. मी भोरला तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्तीनंतर मार्गासनीजवळच्या आमच्या तुकड्यावर चार खोल्यांचं घर बांधायचं, मागे दहा आंबे लावायचे, एवढाच आमचा बेत. मुलाने नकाशा नेला आणि परत आणला तेव्हा त्यात पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि चार फूट खोल असा एक निळा चौकोन होता.

"दर शनिवार-रविवार आम्ही येऊ, आई," तो म्हणाला. पहिल्या वर्षात ते दोनदा आले. बाकी वर्षभर त्यात बेडूक राहिले, जांभळीचा पाला राहिला आणि एकदा शेजाऱ्यांचं रेडकू अर्धा दिवस राहिलं. गावाने त्याला 'बाईंचा हौद' असं नाव दिलं. मीही हौदच म्हणायचे. मुलाला ते लागायचं, म्हणून जरा मुद्दामच म्हणायचे.

मग एका जानेवारीत, संक्रांतीनंतर आठवड्याभराने, सकाळी दाढी करता करता अर्धांगाचा झटका आला आणि यांचा डावा हात-पाय गेला. हात दोन दिवसांत परत आला. बोलणं शाबूत राहिलं, आणि ते जरा जास्तच शाबूत राहिलं. पाय मात्र ओढत चालावं लागे, तेही काठी टेकत आणि कोणीतरी धरलं तर. पुण्याला व्यायाम शिकवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. आम्ही कुठून येतो, घरी काय काय आहे, असं त्यांनी विचारलं. हे लगेच अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे स्विमिंग पूल आहे." आदल्या दिवसापर्यंत त्यांनीही त्याला हौदच म्हटलं होतं.

"मग इथवर कशाला हेलपाटे घालता?" बाई म्हणाल्या. "छातीएवढ्या पाण्यात रोज चालवा. पाण्यात वजन कमी होतं, पाय घाबरत नाही. पण लक्षात ठेवा, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. नंतर फार हळू."

मी बोटांवर हिशोब केला. सहा महिने म्हणजे जुलैचा तिसरा आठवडा. फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे पाणी बर्फासारखं गार, आणि जूनच्या मध्यापासून वेल्ह्याकडचं आभाळ एकदा गळायला लागलं की दसऱ्यापर्यंत थांबत नाही. म्हणजे हातात होते मार्च, एप्रिल, मे आणि जूनचे थोडे दिवस.

हौद उपसला, घासला, भरला. हे काम मिस्त्रींनी केलं. मिस्त्री राहायला भोरला, आणि हायवेला कापूरव्होळला त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. वयाने आमच्याएवढेच. भोरला त्यांच्या मशिदीत वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, हौज आहे, त्याची देखभाल वीस वर्षं त्यांच्याकडे होती. आमच्या पंपासाठी ते सोमवारी आणि गुरुवारी मोपेडवर यायचे. यांना धरून चालता यावं म्हणून त्यांनीच हौदाच्या कडेने लोखंडी पाइपचा कठडा बसवला. मी जन्माची साडीतली बाई. सुनेचा जुना पंजाबी ड्रेस घालून, साठीच्या उंबरठ्यावर, नवऱ्याचा दंड धरून पाण्यात उतरले. शेजारच्या मळ्यातल्या बायका कुंपणाशी येऊन बघून गेल्या. बघू देत म्हटलं.

गुंजवणीच्या पात्रातून मी पन्नास खडे आणले होते. एक फेरी झाली की यांनी काठावरच्या एका वाडग्यातून खडा उचलून दुसऱ्यात टाकायचा. पहिल्या दिवशी चार खडे झाले आणि हे दमून लाल झाले. "पन्नास झाले की काठी फेकली," ते म्हणाले. "दिवाळीत गडाखालच्या पालीला जायचं, गडाकडे तोंड करून बसायचं आणि भजी खायची." त्यांची स्वप्नं नेहमी तळलेली असत.

पाण्याची तब्येत माझ्याकडे होती. मुलाने पुण्याहून दोन डबे पाठवले होते, एक क्लोरीनच्या गोळ्यांचा आणि एक पांढऱ्या पावडरीचा. फोनवर तो म्हणाला, "आई, ती पावडर म्हणजे स्टॅबिलायझर." हे ऐकून यांनी फ्रीजकडे पाहिलं. मी दोघांनाही गप्प केलं. मला सगळं एका वाक्यात कळलं होतं. क्लोरीन पाण्यातले जंतू आणि शेवाळ मारतो, पण उन्हात तो स्वतःच उडून जातो; सकाळी टाकावा तर दुपारी नाही. स्टॅबिलायझर म्हणजे त्याच्या अंगावरचं पांघरूण. ते असलं की ऊन लागत नाही आणि क्लोरीन टिकतो. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला हे सांगायला कॉम्प्युटरवाला मुलगा कशाला हवा?

मी शंभर पानी वही केली. हौदाचं पाणी चौतीस हजार लिटर, त्याला पावडर किती, ते गणित मांडलं. सव्वा किलोच्या वर पावडर यांच्या जुन्या मोज्यात भरली आणि पंपाचं पाणी जिथून हौदात पडतं तिथे तो मोजा टांगला. दोन दिवसांत पावडर विरघळली. गोळ्या आठवड्याला चार, एका तरंगत्या निळ्या डबड्यात. रोज सकाळी काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. फिका पिवळा रंग आला की क्लोरीन ठीक. महिनाभर पाणी असं राहिलं की तळाच्या फरशीवरच्या रेघा मोजाव्यात. मार्च संपता संपता वाडग्यात तेवीस खडे झाले.

मिस्त्री एकदा पंपाची जाळी धुताना म्हणाले, "बाई, म्हैना झाला. आता निम्मं पानी सोडा आंब्यास्नी."

"का? चांगलं स्वच्छ आहे की."

"स्वच्छ दिसतंय, व्हय. पन जुनं झालं. पानी जुनं झालं की औषध लागू पडत न्हाई. आमच्या हौजाचं आमी दर म्हैन्याला निम्मं सोडतो नारळाला, नवं भरतो."

मला हसू आलं. असल्या समजुती खोडून काढण्यातच माझी नोकरी गेली होती. "मिस्त्री, पाणी म्हणजे दूध आहे का नासायला? पाण्याला वय नसतं. आणि एप्रिलच्या तोंडावर विहिरीचं पाणी ओतून द्यायचं म्हणता?"  मिस्त्रींनी जाळी बसवली आणि ते गेले. कठड्याला धरून उभे असलेले हे म्हणाले, "पाटबंधारे खात्यात आम्ही..." मी त्यांना पुढची फेरी मारायला लावली.

एप्रिलमध्ये ऊन चढलं. हौदातलं पाणी रोज बोटभर उडायचं, मी तेवढं विहिरीतून भरायचे. वहीत सगळं उत्तम होतं. नळीतला रंग तर फिका पिवळा सोडून हळदीसारखा गडद यायला लागला, म्हणजे क्लोरीन भरपूर. पण पाण्याची चमक गेली. तळाच्या रेघा अंधुक झाल्या. पायऱ्यांवर बोट फिरवलं की बुळबुळीत लागे. क्लोरीन भरपूर आणि शेवाळही भरपूर! वर्गात एखादं पोर पाठ्यपुस्तक तोंडपाठ म्हणतं आणि पेपरात भोपळा आणतं, तशी मला त्या पाण्याची चीड आली. मी वैतागले की माझा आवाज चढतो आणि मग घरात कोणीच खरं सांगत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

एप्रिलचा शेवटचा सोमवार. त्या दिवशी अडतीस खडे झाले होते. यांनी अडतिसावा खडा टाकला आणि कठडा सोडून दोन पावलं टाकली. मी बघितली, दोन. त्याच आनंदात मी मागे वळले तर आंब्याच्या आळ्यांत पाणी भरलेलं. तळाचा व्हॉल्व्ह उघडा आणि मिस्त्री फावड्याने पाणी वळवताहेत.

"हे कोणाला विचारून सोडलं?"

"चार बोटंच सोडलं, बाई. पायऱ्या बघा कशा झाल्यात. साहेब घसरत्याल."

"विहीर तळाला गेलीय आणि तुम्ही पाणी ओतताय! माझी पावडर आहे त्यात. मी मोजून टाकलीय. तुम्ही गुपचूप पाणी सोडता म्हणूनच पाणी बिघडतंय. मी वेडी इथे वही लिहितेय आणि तुम्ही मागून..."

पाण्यातून हे म्हणाले, "अगं, चार बोटंच."

"तुम्ही गप्प बसा."

मिस्त्रींनी व्हॉल्व्ह बंद केला. फावडं धुऊन भिंतीला लावलं. पंपाच्या खोलीची किल्ली काठावर, खड्यांच्या वाडग्याशेजारी ठेवली. "म्या गुपचूप न्हाई सोडलं, बाई. तुमच्या म्होरंच उभा व्हतो," एवढं म्हणून ते मोपेडवर बसले. गुरुवारी आले नाहीत. पुढच्या सोमवारीही नाही.

आणि मी काय केलं? पाण्याबरोबर पावडर वाहून गेली अशी माझी पक्की खात्री. म्हणून मोज्यात आणखी एक किलो भरली. याला म्हणतात रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

पाच दिवसांत हौद हिरवा झाला, बेडकांच्या वेळी होता त्याहून हिरवा. यांच्या पाठीवर पुरळ उठलं, एक कान दुखायला लागला. नसरापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाणी स्वच्छ होईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. मी ग्रामपंचायतीतून विहिरीत टाकायची टीसीएल, म्हणजे नुसत्या क्लोरीनची पावडर आणली आणि घमेलंभर ओतली. एक दिवस पाणी पांढरं झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं. मुलाला फोन केला. "इंटरनेटवर बघतो," तो म्हणाला. तो बघतच राहिला. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्याने शेवाळ मारायची एक बाटली पाठवली. शेवाळाला ती मानवली असावी, ते जोमाने वाढलं.

हे रोज सकाळी काठावर खुर्ची टाकून बसत. मांडीवर खड्यांचं वाडगं. मी घरात हात धरून चालवायचे, पण फरशीवर पाय भीतीने आखडायचा. आठ दिवसांत तो पूर्वीसारखा ओढला जायला लागला. मी कॅलेंडरकडे बघायचे आणि ओरडायचे. हौदावर ओरडायचे, मुलावर ओरडायचे, यांच्यावरही. फक्त स्वतःवर ओरडण्याची वेळ अजून आली नव्हती. मे महिन्याचे तीन आठवडे असे गेले.

चौथ्या आठवड्यात गोळ्या संपल्या. मुलगा म्हणाला, "आई, दुकानदाराला नाव नीट सांगावं लागतं. डब्यावर काय लिहिलंय?" मी ओट्याशी चष्मा लावून डबा फिरवला. समोर ठळक अक्षरांत नुसतं 'क्लोरीन टॅब्लेट'. मागे किमतीची चिकटपट्टी. ती नखाने काढली. तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: ट्रायक्लोरो-आयसोसायन्युरिक ॲसिड. मी हळूच दुसरा डबा, पावडरीचा, पुढे ओढला. त्यावर होतं: सायन्युरिक ॲसिड.

फोनवर मुलगा "हॅलो, हॅलो" करत होता. मी ठेवून दिला.

गोळीतच स्टॅबिलायझर होता. प्रत्येक गोळीचं निम्मं वजन पांघरुणाचं. मी आठवड्याला चार गोळ्या टाकत होते, म्हणजे आठवड्याला चार वेळा त्या पाण्यावर आणखी पांघरूण घालत होते. वरून मोज्यातून वेगळं. क्लोरीन नळीत दिसत होता, कारण होताच तो. पण इतक्या पांघरुणांखाली की शेवाळ मारायला बाहेर येईना. आणि ही पावडर उन्हाने उडत नाही. पाणी उडतं, ती मागे राहते. रोज बोटभर पाणी उडलं, बोटभर भरलं, आणि ती साठत साठत गेली. बाष्पीभवन! मी हे सातवीला शिकवलं होतं, खारं पाणी बशीत घालून उन्हात ठेवून. पेन्सिलीने वहीत मांडलं. लिटरमागे चाळीस मिलिग्रॅम पावडर हवी होती तिथे ती दीडशेच्या वर गेली होती. उपाय एकच: निम्म्याहून जास्त पाणी सोडून द्या, नवं भरा.

पाणी जुनं झालं होतं. वीस वर्षं हौज सांभाळणारा माणूस ते पायऱ्या बघून सांगत होता, आणि पदवीधर बाई त्याला पाण्याचं वय शिकवत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना यांच्यापाशी बसवलं आणि एसटीने निघाले, नसरापूरला गाडी बदलून कापूरव्होळला. पिशवीत दोन्ही डबे. मिस्त्री दुकानात तांब्याची तार गुंडाळत होते. मला बघून उठले, स्टूल पुसून पुढे केलं.

"मिस्त्री, माझं चुकलं," मी म्हणाले. हे वाक्य मला कधी नीट म्हणता आलेलं नाही, तेव्हाही शिक्षा केल्यासारखंच आलं. मग डबे काढून त्यांना सगळं समजावून सांगितलं. पांघरूण, गोळी, बशीतलं मीठ, सगळं. त्यांनी तार हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी जुनं पानी म्हंजी ह्ये व्हय," ते म्हणाले. "आमाला काय ठाव त्यात काय साठतं. आमच्या वडलांनी सांगितलं म्हून आमी सोडतो." मग म्हणाले, "माझंबी चुकलं, बाई. चार बोटांवरनं तुमी येवढं बोललात. बोलनं खायाचंच व्हतं तर म्या निम्मं सोडाया पायजे व्हतं."

मी हसणार होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "साहेब चालत्यात का?"

मला रडू आलं. भर हायवेवर, पंपांच्या आणि तारांच्या ढिगात, शाळेतली बाई रडत बसली. रडू आल्याचा मला रागही आला. त्यांनी चहा मागवला आणि तो येईपर्यंत पाठ करून तार गुंडाळत राहिले, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर आभारी आहे.

दुसऱ्याच दिवशी ते आले. शेजाऱ्यांच्या नव्या घराचा स्लॅब नुकताच टाकला होता आणि विहिरी आटल्याने त्यावर मारायला पाणी नव्हतं. दोन दिवस आमचं हिरवं पाणी पाइपाने त्या स्लॅबवर गेलं. टँकर मागवून हौद भरला. गोळ्यांचं डबडं मी माळ्यावर टाकलं. मिस्त्रींनी गावाकडे विहिरीला करतात तसं मडक्याला भोकं पाडून, वाळूत टीसीएल कालवून ते पाण्यात सोडलं. जुन्या पाण्यातली उरलेली पावडर पांघरुणाला पुरेशी होती. नळीत फिका पिवळा रंग आला आणि तळाच्या रेघा पुन्हा दिसल्या.

हे जूनच्या दोन तारखेला पाण्यात उतरले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लुंगी खोचून मिस्त्री. नऊ खडे झाले. अडतीसवरून नऊ. हे म्हणाले, "नऊ तर नऊ, नवग्रह झाले."  मिस्त्री मग रोज आले, दुकान सोडून. पंधरा, एकोणीस, चोवीस. बाराव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि पाणी गार लागत होतं, तरी यांनी एकतिसावा खडा टाकला. कठडा मात्र सुटला नाही. त्या रात्री पाऊस लागला तो लागलाच.

दसऱ्यापर्यंत हे काठी घेऊन एकटे चालायला लागले. काठी मात्र सुटली नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो, फेऱ्या पन्नासच्या वरही गेल्या, पण बाहेर आलं की काठी लागायचीच. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, ते चार आठवडे गेले नसते तर? त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही. हे म्हणाले, "काठी शोभते मला," आणि पालीला काठी घेऊनच भजी खाल्ली. मला एकदाही बोल लावला नाही. त्याचाच मला अजून जास्त वैताग येतो. लावायला हवा होता.

मिस्त्री पुढे कितीतरी वर्षं येत राहिले. नवं औषध आलं की डबा माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "बाई, बारीक अक्षर वाचा आधी." मी चष्मा लावून, पट्टी काढून, मोठ्याने वाचायचे. दर महिन्याला निम्मं पाणी आंब्यांना जायचं आणि मी तोंडातून शब्द काढायचे नाही.

अडतीसमधून एकतीस गेले की सात. ते सात खडे मी वाडग्यातून वेगळे काढले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेत, डबे जिथे शेजारी ठेवून वाचले होते त्याच्या वर. हे अजून अधूनमधून म्हणतात, "अगं, नदीत टाकून ये ते." मी हो म्हणते. बाहेरच्या खोलीत ते उठतात, काठी फरशीवर टेकते, आणि मी भाजी चिरता चिरता खिडकीकडे बघते.